वाड्यातलं रंगीत बिऱ्हाड: आधी चुना, मग खण-इरकल

प्रश्न: बेळगावच्या शहापूर भागात, सांगली संस्थानच्या काळात बांधलेल्या वाड्याच्या माडीवर आम्ही राहतो. वाटणीत पुढचा दिवाणखाना, १० बाय १२ फुटांची मधली खोली आणि मागे स्वयंपाकघर आमच्याकडे आलं. भिंती जांभ्याच्या, पावणेदोन फूट रुंद, वर चुन्याचा गिलावा. छपराला मंगलोरी कौलं, खाली सागवानी तक्तपोशी (फळ्यांचं छत). पुढच्या दोन खोल्यांना फळ्यांची जमीन आहे. मला घर भरपूर रंगीत हवंय: दिवाणखाना गडद निळा, मधल्या खोलीत फुलांचा वॉलपेपर आणि जमिनीवर नक्षीच्या टाइल्स, शिवाय आजीची इरकली लुगडी, तांब्या-पितळेची भांडी, सावंतवाडीची खेळणी, फोटो असं सगळं मांडलेलं. पेंटर म्हणतो, पुट्टी भरून प्लॅस्टिक पेंट मारू, दहा वर्षं बघायला नको. सासूबाईंना भीती की घर जत्रेतलं दुकान दिसेल. त्यातच भिंतीत खिळा ठरत नाही, नुसती माती गळते. कुठून सुरुवात करू?

उत्तर: सुरुवात पेंटरला थांबवून करा. पुट्टीची पिशवी फुटली नसेल तर परत द्या. तुमच्या यादीतली बहुतेक हौस पुरी होईल, फक्त कुठला रंग कशावर लावायचा ते बदलावं लागेल. भिंतीवर चुन्यात मिसळतील तेवढेच रंग लावायचे. गडद, भडक, नक्षीदार जे काही आहे ते कापडावर, फर्निचरवर, काढता-घालता येईल अशा वस्तूंवर आणायचं.

कारण साधं आहे. जांभा पाणी खूप पितो. पावसाळ्यात भिंत ओल घेते आणि दिवाळीनंतर ती ओल चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर टाकते. त्यावर अॅक्रिलिक पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंटचा थर बसला की ओल आत कोंडते. भिंतीतले क्षार त्या थरामागे साचतात, लोणा (क्षारांची पांढरी पूड) धरतो, रंगाला फोड येतात आणि पापुद्रा सुटताना जुना गिलावाही ओढून आणतो. आपल्याकडच्या पावसात दहा वर्षं सोडाच, दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यातच हे दिसायला लागतं. मग पेंटर ‘वॉटरप्रूफ’ म्हणून आणखी एक थर सुचवतो आणि दुखणं वाढतं.

आता भिंतीवर काय आहे ते तपासा. प्रत्येक भिंतीवर ओला स्पंज दाबा. पाणी शोषलं जाऊन डाग गडद झाला तर चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे. थेंब ओघळून खाली आले तर प्लॅस्टिक किंवा ऑइलपेंट आहे. जुन्या घरांत कमरेइतक्या उंचीपर्यंत ऑइलपेंटचा पट्टा असतो, तोही पाहा. असा पट्टा खरवडून काढावाच लागतो, त्यावर चुना धरत नाही. दुसरी चाचणी ओलीची: फूटभर चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि ४८ तास ठेवा. पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला आले तर तो हवेतला दमटपणा आहे.

माडीवर असल्यामुळे जमिनीतली ओल तुमच्यापर्यंत येण्याची शक्यता कमी, छपराची जास्त. म्हणून पहिला खर्च कौलांवर. फुटकी, सरकलेली कौलं एप्रिल-मे महिन्यात बदला, दोन छपरं मिळतात तिथली पन्हळ साफ करा, कुजलेल्या रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) बदला. मग एक अख्खा पावसाळा जाऊ द्या. जुलैमध्ये भिंतीवर, तक्तपोशीवर जिथे डाग उमटेल त्याच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. ऑगस्टमध्ये डाग रेघेबाहेर गेला तर गळती अजून चालू आहे. ही वाट पाहणं जिवावर येईल, पण गळक्या छपराखाली केलेला कुठलाही रंग फुकट जातो. रंगाचं काम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत करा. एप्रिलच्या उन्हात चुना फार लवकर सुकतो आणि हाताला पूड लागते.

पावसाळ्याच्या काळात वायरिंग उरकून घ्या, कारण ते गिलाव्याआधी व्हायला हवं. जांभ्याच्या भिंतीत खाचे पाडून पाइप पुरू नका. खाचेलगतचा गिलावा हादरून सुटतो आणि खाचा बुजवायला सिमेंट आत येतं. उघडे पाइप सरळ रेषेत, चौकटीच्या कडेने न्या. काळे किंवा पितळी रंगाचे पाइप सागवानाशी शोभतातही. दिव्यांना १.५, १६ अँपिअरच्या प्लगला २.५ आणि गीझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, योग्य अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) हवाच. लाकडी घरात यात काटकसर करू नका. लोड वाढत असेल तर आधी हेस्कॉम या वीज कंपनीकडे अर्ज करा.

आता गिलावा. मुठीने टकटक करून पाहा. पोकळ वाजेल तेवढाच भाग काढा, अख्खी भिंत सोलू नका. त्या जागी सिमेंट अजिबात नको. सिमेंटचं ठिगळ कडक आणि घट्ट असतं, ते ओलीला कडेकडेने ढकलतं आणि वर्षभरात ठिगळाभोवती क्षारांची चौकट उमटते. एक भाग मुरवलेला चुना, अडीच ते तीन भाग धुतलेली वाळू, ओल जास्त असेल तिथे वाळूतला अर्धा-एक भाग कमी करून त्याऐवजी सुरखी (विटेची भुकटी). भिंत आधी भिजवायची, एका थरात १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड भरायचं नाही आणि आठवडाभर दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडून ओलं ठेवायचं. गवंडी सिमेंटला सरावलेला असेल तर ‘पकडत नाही’ म्हणून चुन्यात मूठभर सिमेंट टाकू पाहील. समोर उभं राहा.

रंगाचा चुना घरीच करा. दुकानातून कळीचा (न विझवलेला) चुना ढेकळांत घ्या. पूड झालेला चुना हवा खाऊन निकामी झालेला असतो. मधल्या खोलीच्या भिंती १० फूट उंच धरल्या तर दारं-खिडक्या वगळून सुमारे ३८० चौरस फूट होतात, तीन हातांना चार किलो कळी पुरेशी. किलोला पाच लिटर पाणी. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना; उलट कधीच नाही, कारण तो उकळून अंगावर उडतो. प्लॅस्टिकची बादली या उष्णतेने मऊ पडते. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, मुलं लांब. निदान २४ तास मुरू द्या, आठवडाभर मुरला तर उत्तमच. जाड कापडातून गाळा. १० लिटरला ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला, त्याहून जास्त नको. पेंटर ‘पक्का होईल’ म्हणून फेविकॉलचा डबा ओततील, तो इथे नको; पुन्हा तोच प्लॅस्टिकचा थर तयार होतो.

रंगाची पूड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून मगच चुन्यात घाला, नाहीतर भिंतीवर ओघळांच्या रेघा दिसतात. चुन्यात सगळे रंग टिकत नाहीत. काव आणि हुरमुंजी या तांबड्या मात्या, पिवळी माती, काळा आणि तांबडा आयर्न ऑक्साइड, क्रोम ऑक्साइडचा हिरवा आणि अल्ट्रामरीन निळा टिकतात. प्रशियन निळा चुन्यात तपकिरी पडतो, आणि भडक गुलाबी-जांभळ्या पुड्या महिन्याभरात उडतात. पुडीचं प्रमाण कोरड्या चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंतच, म्हणजे चार किलोला फार तर ४०० ग्रॅम. जास्त घातली की रंग भिंतीला धरत नाही, कपड्याला लागतो.

या मर्यादेमुळे तुम्हाला हवा तो गडद निळा चुन्यात मिळणारच नाही, मध्यम निळा मिळेल. गावाकडच्या जुन्या घरांतून दिसणारी ती शांत नीळ सागवानाशेजारी दिसतेही सुंदर, आणि गडद निळ्यासाठी एक वेगळी जागा पुढे सुचवली आहे. आधी दोन बाय दोन फुटांचे तीन नमुने मारून तीन दिवस थांबा. ओला चुना पारदर्शक आणि गडद दिसतो, सुकल्यावर बराच फिका होतो. पहिल्या हाताला भिंत डागाळलेली दिसली म्हणून घाईने जाड हात मारू नका. जाड चुन्याला भेगा पडून पापुद्रे निघतात. भिंत पाण्याने ओली करून, ब्रशवरून सहज ओघळेल इतका पातळ चुना, एक हात उभा, दुसरा आडवा, मध्ये २४ तास. एका खोलीचा रंग एकाच वेळी कालवा; नंतर तीच छटा पुन्हा जमत नाही.

कुठल्या खोलीला कुठला रंग हे उजेड पाहून ठरवा. निळ्याला दिवसाचा उजेड लागतो, म्हणून तो खिडक्या असलेल्या दिवाणखान्यात योग्य. मधली खोली वाड्यात नेहमीच अंधारी असते. तिथे निळा किंवा हिरवा लावला तर दिव्याखाली तो राखाडी आणि मळकट दिसतो. तिथे पिवळ्या मातीचा हळदी रंग घ्या. छपराच्या कौलांत दोन-तीन काचेची कौलं बसवून खाली तक्तपोशीची एखादी फळी काढून झरोका करता आला, तर त्या खोलीचं रूपच पालटेल. संध्याकाळी २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर एलईडी लावा. पांढऱ्या दिव्यात सागवान मरगळतं. स्वयंपाकघर पांढरा चुना, किलोला ३ ग्रॅमपर्यंत नीळ घालून.

सासूबाईंच्या शंकेचं उत्तरही इथेच आहे. घर विस्कळीत दिसतं ते रंग पुष्कळ झाले म्हणून नव्हे. प्रत्येक खोलीने वेगळाच सूर लावला की तसं होतं. वाड्याचे स्वतःचे दोन रंग आधीच ठरलेले आहेत: सागवानाचा तपकिरी आणि कौलाचा तांबडा. हे दोन रंग तिन्ही खोल्यांत दिसत राहतील असं पाहा, म्हणजे दारं, चौकटी, खुंट्या रंगवायच्या नाहीत. त्यावर तिसरा एक रंग निवडा जो प्रत्येक खोलीत कुठेतरी येईल. तुमच्याकडे इरकली लुगडी आहेत तर त्यांच्या पदराचा लाल घ्या: दिवाणखान्यात उशा, मधल्या खोलीत पडदा, स्वयंपाकघरात एखादं लाखेचं भांडं. एवढा धागा असला की बाकी वस्तू कितीही निराळ्या चालतात.

वॉलपेपर मात्र नकोच. व्हिनाइलचा कागद म्हणजे प्लॅस्टिक पेंटच, आणि मागे बुरशी धरली तरी ऑगस्टपर्यंत कळत नाही. फुलांची हौस खणाने भागवा. गुळेदगुड्ड इथला खण घ्या. पन्हा (कापडाची रुंदी) अरुंद असतो, तो आधी मोजून मगच सुताराला माप द्या. दीड बाय एक इंचाच्या पट्टीची चौकट, त्यावर आधी मांजरपाट, मग खण ताणून मागून पिना मारायच्या. काठ एकमेकांना जोडून तीन-चार पन्हे उभे लावले की भिंतभर नक्षी होते. चौकट भिंतीपासून इंचभर पुढे टांगा, मागे हवा खेळू द्या. गडद निळ्याची जागा हीच: दिवाणखान्याच्या एका भिंतीवर गडद निळ्या खणाची मोठी चौकट लावा, भिंतीच्या मध्यम निळ्यावर ती उठून दिसेल.

आजीच्या लुगड्यांना कात्री लावू नका. ओल्या पांढऱ्या कापडाने कोपरा चोळून रंग सुटतो का पाहा. लाल रेशमी पदर बहुधा सुटतो, तो घरी धुऊ नका. पदराकडची बाजू दिसेल अशी घडी घालून गोल लाकडी दांडीवर टांगा, उन्हाच्या तिरिपेत नको, आणि दर तीन महिन्यांनी घडी बदला म्हणजे दुमडीवर धागा तुटत नाही. नव्या पडद्यांसाठी शहापूर-वडगावच्या मागांवरचं कापड तुमच्या दारातच आहे.

मधल्या खोलीतल्या टाइल्सचा विचार सोडून द्या, हे आग्रहाने सांगावं लागेल. दोन इंच सिमेंट-वाळू आणि वर टाइल म्हणजे चौरस मीटरला सुमारे १२८ किलो. तुमच्या खोलीला ते जवळपास १,४०० किलो होतात, तेही कायमचे. राहत्या घरातल्या माणसांचा आणि सामानाचा भार भारतीय मानकानुसार चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात. त्यातला निम्म्याहून जास्त टाइलच खाऊन टाकेल. शिवाय फळ्या चालताना किंचित लवतात, टाइल लवत नाही, सांधे फुटतात, पुसलेलं पाणी आत जातं आणि तुळईची भिंतीतली टोकं कुजतात. जमिनीला नक्षी हवी तर नवलगुंदचा जमखाना अंथरा. सुती, भौमितिक नक्षीचा, रंग तुम्हाला हवे तसे ठसठशीत, आणि उचलून झटकता येतो. पुस्तकांचं कपाट किंवा लोखंडी तिजोरी खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, एकाहून जास्त तुळयांवर भार पडेल अशी आडवी ठेवा. तुळईच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा. सहज आत गेला तर रंगाआधी सुतार बोलवा. वाळवीची मातीची नळी दिसली तरी तेच.

लाकडाला रंग नको, तेल द्या. पण आधीचा जुना ऑइलपेंट काढायचा असेल तर सावध. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. कोरडा पॉलिशपेपर किंवा मशीन मारू नका, ती धूळ मुलांच्या पोटात जाते. पेंट रिमूव्हर लावून ओलं असतानाच खरवडा, खाली प्लॅस्टिक अंथरा, खोलीचं दार बंद आणि खिडक्या उघड्या ठेवा. मग अळशीचं उकळलेलं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं, पातळ हात, वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसायचं, दोन दिवसांनी पुन्हा. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. तक्तपोशी फार काळोखी वाटत असेल तर फक्त तिच्या फळ्यांना पांढरा चुना द्या आणि त्यांखालच्या लाकडी कड्या तशाच राहू द्या.

खिळा ठरत नाही कारण तो मातीच्या दरजेत (दगडांमधल्या सांध्यात) जातो आणि प्लॅस्टिकच्या गुट्टीला तिथे धरायला काही नसतं. ठोकू नका, ड्रिल करा, आणि दगडात नाही तर दरजेतच: भोक १२ मिलिमीटर रुंद, ७५ मिलिमीटर खोल. भोकातली धूळ फुंकून, पाणी मारून, सागवानाची गुट्टी चुन्याच्या गाऱ्यात बसवा आणि चार दिवसांनी स्क्रू पिळा. पण प्रत्येक फोटोला एक भोक नको. दाराच्या चौकटीच्या वरच्या उंचीला खोलीभर दोन इंची सागवानी पट्टी अशा गुट्ट्यांवर दर दोन फुटांनी बसवा आणि फोटो तिच्यावरून तारेने सोडा. मांडणी हवी तेव्हा बदलेल, भिंतीला पुन्हा हात लागणार नाही. फोटोच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागे हवा राहील. जड आरसा जमिनीवरच टेकवा. वाड्याच्या मूळच्या खुंट्या आणि कोनाडे असतील तर पितळी भांडी आणि सावंतवाडीची खेळणी तिथेच शोभतील. एका कोनाड्यात एकाच जातीच्या वस्तू ठेवा, आणि एखादा कोनाडा रिकामाही राहू द्या.

नक्षीच्या टाइल्स स्वयंपाकघरात मात्र जरूर लावा, कारण शेगडीमागे चुना तेलाने डागाळतो. चार बाय दोन फुटांच्या जागेला आठ इंची टाइल्स १८ लागतात, दोन जादा घ्या. जुन्या बांधकामाच्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे नक्षीच्या सिमेंट फरशा मिळाल्या तर मिसळून लावा, इथे चढाओढ शोभते. त्या हळद-तेल पितात, म्हणून सांधे भरण्याआधी पृष्ठभागात मुरणाऱ्या सीलरचे दोन हात द्या; नंतर दिले तर सांध्याचा रंग आधीच नक्षीत उतरलेला असतो. फरशी साफ करायचं अॅसिड घरात आणूच नका, ते सिमेंट फरशीची नक्षी खाऊन टाकतं. साबणाचं पाणी आणि महिन्यातून एकदा मेण पुरे.

शेवटी कागदाचं. छप्पर आणि तुळया वाटणीत तुमच्या एकट्याच्या नाहीत, तेव्हा कौलं आणि झरोक्याच्या कामाला भाऊबंदांची लेखी संमती आधी घ्या. आतल्या चुन्याला कुणी विचारत नाही, पण भिंत पाडणं किंवा खिडकी वाढवणं असेल तर महापालिकेची परवानगी लागते. तुमच्यासारखाच बेत करणारे कॅम्पातले वाचक असतील तर त्यांनी कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे जावं. किल्ल्यातल्या कमल बस्तीसारख्या केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते, हेही त्या बाजूच्यांनी लक्षात ठेवावं.